कुठला पाइप कुठे? पिण्याच्या पाण्याच्या प्लास्टिक पाइपांबद्दल वाचकांचे प्रश्न

घरातल्या आणि शेतावरच्या पाण्याच्या पाइपांबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बाजारात बोलतात तसा दाब सगळीकडे किलोत, म्हणजे दर चौरस सेंमीवरच्या किलोत, दिला आहे. हिशेब सोपा आहे: १० मीटर उंचीवरचं पाणी म्हणजे १ किलो दाब. नावंही बाजारातलीच: यूपीव्हीसी म्हणजे साधा कडक पीव्हीसी, सीपीव्हीसी म्हणजे गरम पाणी सोसणारा पीव्हीसी, पीपीआर म्हणजे वितळवून जोडायचा पॉलिप्रॉपिलीनचा पाइप.

प्रश्न : जुळे सोलापूरला दुमजली घराचं काम चालू आहे. गच्चीवर दोन टाक्या आणि प्रेशर पंप बसवायचा आहे. प्लंबर म्हणतो सगळीकडे सीपीव्हीसी टाका. पुण्याचे मेहुणे म्हणतात पीपीआरच घ्या. दुकानदार म्हणतो थंड पाण्याला यूपीव्हीसी पुरे, उगाच पैसे घालवू नका. कुणाचं ऐकायचं?

उत्तर : आधी दाब किती आहे ते पाहा. टाकीच्या तळापासून तळमजल्यावरच्या नळापर्यंत उंची फार तर ८-९ मीटर, म्हणजे दाब ०.९ किलो. घरगुती प्रेशर पंप त्यात २ ते ३ किलोंची भर घालतो. एकूण ४ किलोंच्या आसपास. सावलीत एवढा दाब तिन्ही पाइप आरामात सोसतात. तेव्हा "आमचा पाइप इतक्या किलोंचा" या जाहिरातीवर निर्णय घेऊ नका. सोलापुरात निर्णय उन्हावर होतो.

पाइपवर छापलेला दाब एका ठरावीक तापमानाचा असतो. आयएस ४९८५ या भारतीय मानकाच्या यूपीव्हीसी पाइपवर ६ किंवा १० किलो लिहिलेलं असतं ते २७ अंशांना, आणि ४५ अंशांहून गरम पाण्यासाठी ते मानक नाहीच. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे हवाच ४२-४३ अंशांवर असते. गच्चीवर उघड्या पाइपात दुपारभर थांबलेलं पाणी त्याहून बरंच तापतं. यूपीव्हीसीची ताकद ४३ अंशांना जवळपास निम्म्यावर येते आणि ६० अंशांना पाव हिश्श्याच्याही खाली जाते. सीपीव्हीसीचा एसडीआर ११ पाइप (बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट) २३ अंशांना २८ किलो झेलतो, ८२ अंशांना ७ किलो. म्हणजे आंघोळीच्या कडकडीत पाण्यालाही तुमच्या ४ किलोंपेक्षा हातात बरंच उरतं. पीपीआरचा पीएन २० (थंड पाण्याला २० किलोंचा) पाइप ६० अंशांना साधारण निम्म्यावर येतो, तरीही पुरतो.

मग पीपीआर का नको? नको असं नाही, पण दोन गोष्टी मेहुण्यांना विचारा. पहिली, आतलं भोक. पीपीआरचं माप बाहेरून मोजतात आणि त्याची भिंत जाड असते. २५ मिमी पीएन २० पाइप आतून १६.६ मिमी भरतो. पाऊण इंची सीपीव्हीसी एसडीआर ११ बाहेरून २२.२ मिमीच, पण आतून सुमारे १८ मिमी. फरक दीड मिमीचा दिसतो, पण तेवढंच पाणी नेताना पीपीआरमध्ये घर्षणाने जाणारा दाब सुमारे दीडपट होतो. कुणी पाऊण इंचीच्या जागी २० मिमी पीपीआर टाकला, तर आतून १३.२ मिमीच उरतात आणि दाबाचं नुकसान साडेचार पटींवर जातं. वरच्या मजल्यावर शॉवर रडतो तो यामुळे.

दुसरी, वेल्डिंग. पीपीआरचा सांधा २६० अंशांच्या मशीनवर वितळवून करतात: २० मिमीला ५ सेकंद, २५ मिमीला ७, ३२ मिमीला ८. बाहेर काढल्यावर ४ ते ६ सेकंदांत घुसवायचा आणि मग हलवायचा नाही. घाईत जास्त तापवला किंवा जास्त खोल दाबला, तर वितळलेलं प्लास्टिक आत वळतं आणि भोक बुजतं. बाहेरून सांधा देखणा दिसतो. सांधा नीट झाला तर तो गळत नाही हे खरं. पण पुढे दुरुस्तीला मशीन, वीज आणि पूर्ण कोरडा पाइप लागतो. हे मशीन रोज वापरणारा प्लंबर तुमच्या गल्लीत असेल तर पीपीआर खुशाल घ्या.

आमचं मत असं: घराच्या आत गरम आणि थंड दोन्हीला सीपीव्हीसी एसडीआर ११. थंडला यूपीव्हीसी घेऊन थोडे पैसे वाचतात, पण एकाच घरात दोन प्रकारचे पाइप, दोन प्रकारची फिटिंग आणि सांधे जोडायच्या दोन सोल्युशनचे डबे आले की चुकीचा तुकडा चुकीच्या भिंतीत जातोच. प्रेशर पंपानंतरची गच्चीवरची लाइनही सीपीव्हीसीच. हौदातून टाकीकडे पाणी चढवणाऱ्या लाइनला मात्र जाड भिंतीचा शेड्यूल ४० किंवा ८० यूपीव्हीसी चालेल. तिथे पैसे वाचवा.

उघड्यावरच्या दोन्ही पाइपांना पाण्यात मिसळणारा पांढरा रंग द्या. उन्हाने पृष्ठभाग कडक होतो ते टळतं आणि पाणीही कमी तापतं. ऑइल पेंट नको. दर ३ फुटांवर क्लॅम्प, पण करकचून नको, पाइप आत सरकला पाहिजे. तापमानात ३० अंशांचा फरक पडला की १० मीटर सीपीव्हीसी सुमारे २ सेंमी लांबतो, साधा पीपीआर साडेचार सेंमी. दोन टोकं पक्की बांधली तर ती लांबी एल्बोवर येऊन आदळते.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी बाथरूमचं काम केलं. आता फरशीमागे ओल. फोडून पाहिलं तर सीपीव्हीसीच्या एल्बोला चीर आणि गिझरखालचं फिटिंग तडकलेलं. प्लंबर म्हणतो कंपनीचा माल खराब. पाइप ओळखीच्या कंपनीचा होता.

उत्तर : माल खराब असणं शक्य आहे, पण अशा तक्रारींत आधी सांधा तपासावा. फुटलेला एल्बो फेकू नका. करवतीने उभा चिरा आणि आत पाहा. पाइप एल्बोच्या आतल्या कडेपर्यंत पोचलाय का? मध्ये ४-५ मिमी मोकळी जागा असेल तर पाइप पूर्ण बसवलाच नव्हता. आतल्या वळणात पिवळ्या सोल्युशनचा वाळलेला थर किंवा साचलेला गोळा दिसतो का? तो दिसला तर चिरेचं कारण बहुतेक तेच. सोल्युशन गोंदासारखं नुसतं चिकटवत नाही, ते प्लास्टिक विरघळवतं. फिटिंगच्या आत ते साचलं की तिथली भिंत आतून मऊ पडते, आणि काही महिन्यांनी दाबाखाली तिथेच चीर जाते.

बरोबर पद्धत अशी. पाइप काटकोनात कापा. बाहेरची धार कानशीने घासा, आतला कीस काढा, कोरड्या फडक्याने पुसा. सोल्युशन न लावता पाइप फिटिंगमध्ये घालून पाहा. तो एक तृतीयांश ते दोन तृतीयांश जाऊन अडकला पाहिजे. सैल पडून शेवटपर्यंत गेला तर ते फिटिंग त्या पाइपचं नाही. आता पाइपला भरपूर आणि फिटिंगच्या आत पातळ हात. उलटं करणाऱ्यांकडूनच आत गोळे साचतात. पाव वळसा देत शेवटपर्यंत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा, नाहीतर पाइप आपोआप मागे सरकतो. बाहेर आलेलं सोल्युशन पुसून टाका. उन्हाळ्यात सोल्युशन लावलेलं टोक पाहता पाहता वाळतं, म्हणून पाइप सावलीत ठेवा आणि एका वेळी एकच सांधा घ्या. डब्यात दाट होऊन तार सुटणारं सोल्युशन फेकून द्या, थिनर घालून पातळ करू नका. सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच सोल्युशन, यूपीव्हीसीचं नाही.

गिझरचं दुखणं वेगळं आहे. प्लास्टिकच्या आट्यांत लोखंडी निपल फिरवला आणि वर पाना मारला की प्लास्टिक तेव्हाच फाकतं. चीर मात्र गरम-थंड होऊन होऊन महिन्यांनी उघडते. नळ, मिक्सर आणि गिझरच्या जागी पितळी आट्यांचंच फिटिंग लागतं. त्यावर टेफ्लॉन टेप, हाताने घट्ट आणि पान्याचा एखादा वळसा. सफेदा आणि धागा ही जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपची सवय, सीपीव्हीसीजवळ ती आणू नका. तेलकट पदार्थांनी सीपीव्हीसी तडकतो. वाळवीचं तेलकट औषध फवारताना ते पाइपाच्या झिरीत साचलं तरी हाच परिणाम. गिझर आणि सीपीव्हीसीच्या मध्ये फूटभर धातूचा किंवा जाळीचा जोडपाइप ठेवा.

यापुढे फरशी लावण्याआधी टेस्ट मागा. शेवटचा सांधा झाल्यावर २४ तास थांबायचं, सगळ्या तोंडांना प्लग लावायचे, वरच्या टोकातून हवा जाऊ देत हळूहळू पाणी भरायचं आणि हातपंपाने १० किलो दाब देऊन तासभर काटा पाहायचा. काटा उतरला तर सांधा शोधायचा. कॉम्प्रेसरच्या हवेने टेस्ट करू देऊ नका. हवा दाबून बसते आणि फिटिंग फुटलं तर तुकडे अंगावर येतात.

प्रश्न : शेलगीला घर आहे. रस्त्यावरच्या मुख्य लाइनपासून हौदापर्यंत १५ मीटर यूपीव्हीसी पुरलाय. दर मे-जूनला एखादा सांधा निखळतो. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि आलं की पहिली पाच मिनिटं गढूळ. जमीन काळी आहे.

उत्तर : दोष काळ्या मातीचा आणि ताठ पाइपचा मिळून आहे. काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पहिल्या पावसात फुगते. यूपीव्हीसी वाकत नाही. माती सरकली की सारा ताण चिकटवलेल्या सांध्यावर येतो.

इथे एमडीपीईचा, म्हणजे लवचिक पॉलिथिनचा, निळा पाइप घाला. २० मिमीचा अखंड गुंडाळा मिळतो. मुख्य लाइनवरच्या सॅडल-फेरुलपासून (लाइनला बसवलेला पट्टा आणि तोटी) मीटरपर्यंत एकच तुकडा, मध्ये एकही सांधा नाही. फेरुलचं काम महापालिकेच्या परवानाधारक प्लंबरकडूनच होईल. चर मात्र तुम्ही उभं राहून करून घ्या. खोली ६० ते ७५ सेंमी, गाडी जाते तिथे ९० सेंमी किंवा वरून जाड पाइपचं कवच. तळाला १० सेंमी वाळू किंवा चाळलेला मुरूम, पाइपवर १५ सेंमी तसाच थर, मग खोदलेली माती. पाइप ताणून सरळ टाकू नका, चरात थोडा नागमोडी पडू द्या. टोकांना कॉम्प्रेशन फिटिंग: पाइप सरळ कापायचा, धार मारायची, किती आत जायला हवा तिथे खूण करायची आणि रबरी रिंग ओलांडेपर्यंत ढकलायचा. खूण बाहेर दिसत राहिली तर रिंग ओलांडलेली नाही. पेटत्या कागदावर पाइप तापवून तोंड मोठं करणारा कारागीर दिसला तर काम थांबवा. तापवून ताणलेली भिंत पातळ होते आणि तिथेच फाटते.

पहिल्या पाच मिनिटांचं गढूळ पाणी सांध्यापेक्षा जास्त काळजीचं आहे. पाणी बंद असताना लाइन रिकामी होते आणि आत ओढ तयार होते. निखळलेला सांधा गटाराजवळ असेल तर बाहेरचं पाणी त्या फटीतून आत येतं. कुणी लाइनला थेट मोटर लावली की ओढ आणखी वाढते, मग शेजाऱ्याची गळती तुमच्या हौदात येते. म्हणून पाइप गटाराच्या आतून कधीही नेऊ नका. गटार ओलांडायचंच असेल तर त्याच्या वरून, कवचातून, सांध्याविना. आलेलं पहिलं पाणी हौदात न घेता बाजूला काढा.

एक अपवाद. घराला लागून पेट्रोल पंप किंवा जमिनीत तेल मुरलेलं गॅरेज असेल तर तिथे एमडीपीई आणि एचडीपीई (त्याहून घट्ट पॉलिथिनचा पाइप) दोन्ही नकोत. पेट्रोलचे घटक पॉलिथिनच्या भिंतीतून आत झिरपतात, पाइप कुठेही फुटलेला नसला तरी. तिथे धातूचाच पाइप.

प्रश्न : नव्या पाइपातून पाण्याला वास येतो. पीव्हीसीत शिसं असतं असंही ऐकलं. प्यावं की नाही?

उत्तर : वास बहुधा सोल्युशनचा आहे. सांधे वाळल्यावर लाइन पाण्याने भरा, रात्रभर ठेवा आणि सकाळी सगळे नळ सोडून ते पाणी बागेला घाला. दोन-तीनदा केलं की वास जातो. आठवड्यानंतरही येत असेल तर पाइप कुठला लावलाय ते पाहा.

शिशाचं ऐकलंय ते खरं आहे. पीव्हीसी बनवताना ते टिकावं म्हणून शिशाचे क्षार घालण्याची पद्धत होती. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने त्यावर २०२१ मध्ये नियम आणले. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा आयएस १०५०० प्रमाणे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. जुना पीव्हीसी पाइप असेल तर रात्रभर आत थांबलेलं पाणी पिऊ नका, थोडं सोडून मग भांडं लावा. सांडपाण्याचा एसडब्ल्यूआर पाइप आणि वायरिंगचा पाइप पिण्याच्या लाइनला कधीच नाही. ते दाबासाठीही नसतात आणि पिण्यासाठीही.

प्रश्न : सोलर वॉटर हीटरची सीपीव्हीसी लाइन उन्हाळ्यात झोळीसारखी लोंबली आहे. टाकीजवळचा थंड पाण्याचा यूपीव्हीसी पाइपही वाकडा झाला. थंड पाइप कसा काय वाकला?

उत्तर : मे महिन्यात गरम पाणी कुणी वापरत नाही, ऊन मात्र दिवसभर नळ्या तापवत राहतं. काचेच्या नळ्यांच्या सोलरमध्ये पाणी अशा वेळी उकळीला येतं. सीपीव्हीसीची मजल ९३ अंशांपर्यंत, आणि तीही हलक्या दाबाला. थंड पाइप वाकतो कारण पाणी वापरात नसताना टाकीतली उष्णता थंडच्या तोंडातून उलटी पसरते.

टाकीला लागून गरम आणि थंड दोन्ही बाजूंना पहिले २-३ मीटर जीआय पाइप घाला, पुढे सीपीव्हीसी एसडीआर ११. उघड्यावर क्लॅम्प दर २ फुटांवर. हवा जाण्याची नळी मोकळी आहे ना ते पाहा. बोळा किंवा मधमाश्यांचं घर बसलं की टाकीत दाब धरतो. आणि उन्हाळ्यात अर्ध्या नळ्यांवर चादर टाका. सोलापुरात चादरींना काय तोटा!

प्रश्न : मंगळवेढा तालुक्यात विहिरीवरून ९०० मीटर लांब, २५ मीटर उंच वस्तीवर पिण्याचं पाणी नेलंय. ६३ मिमी, ६ किलोंचा यूपीव्हीसी. मोटर ५ एचपी. लाइट गेली की आठवड्यात एखादा पाइप विहिरीजवळ फुटतो. एचडीपीई टाकावा का?

उत्तर : तुमच्या मोटरचं पाणी सेकंदाला ४ लिटर धरून हिशेब करू. ६३ मिमीच्या पाइपात त्याचा वेग सेकंदाला जवळपास दीड मीटर होतो. ९०० मीटरमध्ये घर्षणाने सुमारे ३२ मीटर जातात. उंचीचे २५ धरून विहिरीजवळ ५.७ किलो दाब. म्हणजे मोटर चालू असतानाच ६ किलोंचा पाइप काठावर उभा आहे.

लाइट गेली की मोटर थांबते, वर चढणारं पाणी क्षणभर पुढे जातं आणि मग उलटं येऊन बंद झालेल्या एनआरव्हीवर (पाणी उलटं न जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हवर) आदळतं. यूपीव्हीसीत मीटरभर वेग अचानक थांबला की सुमारे ४ किलोंचा धक्का बसतो. दीड मीटरला ६ किलो. त्यात उंचीचे अडीच मिळवा: साडेआठ. म्हणून पाइप विहिरीजवळच फुटतो.

उपाय पाइपच्या जातीपेक्षा आधी मापात आहे. ७५ मिमी घेतला तर वेग सेकंदाला एक मीटरच्या थोडा वर राहतो, घर्षण जवळपास निम्म्यावर येतं, चालू दाब ४ किलोंच्या आसपास आणि धक्का धरून सातच्या आसपास. त्याला १० किलोंचा यूपीव्हीसी घ्या. सगळी लाइन एकदम बदलणं परवडत नसेल तर विहिरीकडून सुरुवात करा. वरच्या निम्म्यात दाब कमीच असतो, पण घर्षण तिथेही तेवढंच, म्हणून माप पुढे वाढवायचंच आहे. उंचवट्याच्या जागी एअर व्हॉल्व्ह बसवा, एनआरव्ही स्प्रिंगचा, झटकन बंद होणारा घ्या. पाणी उलटं वेग घेण्याआधी तो मिटला पाहिजे. पाइप नांगराच्या फाळाखाली, मीटरभर खोल.

एचडीपीईत धक्का यूपीव्हीसीपेक्षा कमी बसतो आणि वारंवारचे धक्के तो जास्त सोसतो, हे खरं. माळ खडकाळ असेल, वळणं असतील, तर आयएस ४९८४ चा, निळ्या रेघांचा पीई १०० (एचडीपीईचा मजबूत प्रकार) निवडा. मात्र त्याचे सांधे आरशासारख्या तापल्या तव्यावर दाबून करतात, त्याला मशीनवाला बोलवावा लागतो, आणि दुपारच्या उन्हात ओढून बसवलेला पाइप रात्री आकसतो: ३० अंशांच्या फरकाला १० मीटरमागे ६ सेंमी. म्हणून जोडणी सकाळी करा आणि चर बुजवा तीही पहाटेच्या गारव्यात. ६३ मिमीच एचडीपीई टाकून भागेल असं समजू नका. त्याची भिंत जाड, म्हणजे भोक आणखी लहान.

प्रश्न : दुकानात खरा पाइप कसा ओळखायचा?

उत्तर : रंगावरून नाही. पांढरा, राखाडी, पिवळट, हिरवा, कुठलाही रंग कुणीही काढतो. पाइपवर छापलेलं वाचा: आयएसआय चिन्ह, मानकाचा क्रमांक (यूपीव्हीसीला ४९८५, सीपीव्हीसीला १५७७८, पीपीआरला १५८०१, एचडीपीईला ४९८४), माप, दाबाचा वर्ग किंवा एसडीआर, आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का ते दुकानातच कळतं. शेड्यूल ४० आणि ८० चे पांढरे पाइप अमेरिकी एएसटीएम डी १७८५ मानकावर बनतात, त्यांच्यावर तो क्रमांक शोधा. फिटिंगवरचा छापाही बघा. पाइप चांगला घेऊन एल्बो सुट्ट्या डब्यातला उचलणारे गिऱ्हाईक बरेच. बिलावर कंपनी, वर्ग आणि माप लिहून घ्या, नुसतं "पाइप १० नग" नको.